पाहुण्यांची चटई

मी फक्त खांबाला टेकलो होतो, दुसरं काहीही केलं नव्हतं. पाठ दुखत होती. त्या चिमुकल्या विमानात गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो, मग ट्रकच्या फळीवर आपटत आलो, डोक्यावर ऊन, गळ्यात टाय, आणि गावाच्या सभेच्या छपराखाली कमरेत वाकून शिरलो तेव्हा समोर एक खांब दिसला, खांबापुढे रिकामी चटई दिसली, खाडीवरून वारा येत होता, बसलो. कुणीही बसलं असतं. लोपेतीला, म्हणजे धर्मप्रचाराच्या कामातल्या माझ्या जोडीदाराला, त्यांनी हाताला धरून पाहुण्यांच्या चटईवर नेलं आणि लहान मुलाला बसवावं तसं बसवलं, कारण तो टोंगाचा, परका, त्याला बिचाऱ्याला काय कळणार. माझा हात कुणी धरला नाही. मी आपला माणूस ना. माझं नाव ताबोकाई, माझी भाषा तीच, कातडी तीच; मला कुठे बसायचं ते सांगणं म्हणजे माझ्या आईबापांचा अपमान झाला असता. म्हातारी माणसं असला अपमान करत नाहीत. ती नुसती बघत राहिली. बायकांच्या हातातले पंखे थांबले आणि मला वाटलं, वाऱ्यामुळे थांबले असतील.

तेवढ्यात मागून पाठीला हात लागला. वाळत घातलेलं कापड कोरडं झालं का म्हणून बघावं तसा सावकाश फिरणारा, हाडकुळा हात. आमच्याकडे पुरुष पुढे बसतात आणि त्यांच्या घरच्या बायका त्यांच्या मागे. म्हणजे त्या चटईच्या मागे कुणीतरी बाई बसलेली होती आणि मी आत शिरताना ती मला दिसलीच नव्हती. तिने खांद्यावरून करवंटी पुढे केली. माडाचा गूळ कालवलेलं पाणी होतं. तहान लागली होती, प्यालो. ह्याला इथले लोक त्या घरचे असल्याची कबुली समजतात, हे मला कुणी सांगायचं? समोर बसलेला तेबानो, सभेत सगळ्यांच्या वतीने बोलणारा म्हातारा, माझ्याकडे बघून म्हणाला, "प्रवास बरा झाला ना, पोरा?"

"झाला."

"बस मग. टेकून बस. बोलायला पुष्कळ वेळ आहे."

त्यावर कुणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं. मग लोपेतीने उठून आमच्या भाषेची चिरफाड करत देवाच्या प्रेमाविषयी भाषण केलं, आणि लोकांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सगळे माझी चटई बघत होते.

मी बेशोचा. राजधानीच्या तारावा बेटाच्या टोकाला जिथे माणसावर माणूस राहतो तिथे वाढलो. आमच्या तिथल्या सभागृहावर पत्रा आहे, आत रात्री बिंगो चालतो, आणि जागा मिळेल तिथे माणूस बसतो. जागेवरून भांडण होतं ते पंख्याखाली कोण बसणार ह्यावरून. इथे छपराखालची वीत न् वीत वाटलेली आहे. हा खांब अमक्या घराण्याचा, ती तुळई तमक्यांची. जो जिथे बसतो तो तिथला वारस. बसणं म्हणजेच बोलणं, आणि बोललेलं मागे घेता येतं तसं बसलेलं घेता येत नाही. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, शाळेत धडा होता त्यावर, चित्रासकट. पण धडा शिकणं वेगळं आणि पाठ दुखत असताना समोर खांब दिसणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी चटईमागची ती बाई आली. आमच्या झोपडीपुढे येऊन तिने टोपली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. नेई तेवेइआ; नेई म्हणजे आमच्यात बाई. तोंडात दात मोजकेच, आवाज मात्र नारळ फुटल्यासारखा.

"वाळला आहेस," ती म्हणाली. "बेशोत खायला घालत नाहीत का? कान मात्र तिआओनचेच आहेत. माझ्या भावाचे. असेच बाहेर आलेले. खाणीवर जातो म्हणून बोटीत चढला तेव्हा मागून मला ते कानच दिसत होते, मग तेही दिसेनासे झाले. तुझा आजा. खा."

टोपलीत अळूच्या कंदाचा नारळात शिजवलेला गोळा होता. माझे दोन्ही आजे दुसऱ्या बेटांवरचे. दोघांच्याही थडग्यांवर मी चुना मारलेला आहे. तिआओन नावाचा माणूस आमच्यात कधी झाला नाही. हे सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं आणि तेवढ्यात मी गोळ्याचा घास घेतला. भूक, तहान, पाठदुखी, ह्या तीन क्षुद्र गोष्टींनी मला बुडवलं. आणि चौथी होती गुर्मी. सांगायचं काय? की मी ह्या देशाचा, सफेद शर्ट घालून तुमच्या आत्म्याला रस्ता दाखवायला आलेला, आणि मला बूड कुठे टेकायचं ते कळलं नाही? लोपेती शेजारी उभा राहून आनंदाने चुळबुळ करत होता. त्याला वाटलं, म्हातारी धर्मासाठी आली आहे. "बघ भाऊ," तो मला इंग्रजीत म्हणाला, "दुसऱ्याच दिवशी एक आत्मा!" रविवारी ती प्रार्थनेला आलीसुद्धा. माझ्या मागे बसली आणि पहिल्या स्तोत्रापासून शेवटच्या आमेनपर्यंत घोरली.

मग गाव उलटलं. कुणी दगड मारला नाही, शिवी दिली नाही. आमच्या लोकांचा राग तसा नसतो. आम्ही सायकलवरून येताना दिसलो की ओट्यांवर गप्पा मारत बसलेली माणसं आडवी होत, डोळे मिटत. अख्खं कुटुंब भर सकाळी झोपेचं सोंग घेऊन पडलेलं, मधलं पोर हसू दाबताना हलतंय, आणि आम्ही टाय लावून ओट्यापाशी उभे, हातात पुस्तकं. लोपेती कुजबुजायचा, "थकलेत बिचारे, उद्या येऊ." दुकानात तांदूळ आमच्यापुरता संपलेला असे. कुत्री मात्र जागी असत. आणि वरून झाडांवरचे लोक. सकाळ-संध्याकाळ माडी काढायला पुरुष माडांवर चढतात आणि वर बसून गातात, खाली कुणी आहे की नाही ह्याची त्यांना पर्वा नसते. आमच्यासाठी मात्र त्यांनी खास गाणं जुळवलं होतं. एका माडावरून सुरू व्हायचं, दुसऱ्यावरून उचललं जायचं, असं गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आमच्या सायकलींच्या बरोबरीने ते डोक्यावरून चालायचं:

"बेशोचं पोर आलं गं बाई, मेल्याच्या मांडीवर बसलं. मेल्याची चटई उबवतंय बाई, अंडं कधी घालणार?"

चाल सुरेख होती. लोपेतीला ती इतकी आवडली की शब्द न कळता तो ती दिवसभर गुणगुणायचा. भांडी घासताना, नखं कापताना, विहिरीचं मचूळ पाणी अंगावर घेताना, माझ्या कानापाशी, कारण आमचा नियमच आहे की जोडीदाराने जोडीदाराच्या नजरेआड व्हायचं नाही. झोपायचं एका खोलीत, प्रार्थना एका चटईवर, समुद्राकाठी जायचं तेव्हाही एकाने पाठ करून उभं राहायचं. अशा वेळी समोर नुसता समुद्र, मागे लोपेती गुणगुणतोय अंड्याचं गाणं, आणि मला त्या क्षणी त्याची रुंद, घामट, देवभोळी मान दोन्ही हातांनी दाबावीशी वाटायची. असं वाटणं पाप आहे. रोज सकाळी मी त्याची क्षमा मागायचो आणि दुपारपर्यंत पुन्हा वाटायचं.

मला ह्या कामात देवाने ओढलं असं मी मिशनच्या मुलाखतीत सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. मला ओढलं शिवणयंत्राने. माझी आई बेशोत कपडे शिवायची, दाराशी यंत्र होतं, पायाने चालवायचं. एक दिवस तिची कुठलीशी चुलतबहीण आली, चहा प्याली, यंत्राकडे बघून म्हणाली, "हे मला दे." आमच्यात ह्याला बुबुसी म्हणतात. आपल्या माणसाने मागितलं की द्यायचं. नाही म्हणणारा माणूस माणसातून उठतो. आई हसली. "ने की," म्हणाली. दोघींनी मिळून ते हातगाडीवर चढवलं. मग आत येऊन आईने ज्या जागी यंत्र होतं ती जागा ओल्या फडक्याने पुसली, पुन्हा पुसली, आणि मला म्हणाली, शाळेत जा. त्यानंतर पंखा गेला. माझे शाळेचे बूट गेले, मामेभावाच्या पायाला होत नव्हते तरी गेले. माणसं ओळखीचं हसत दारात दिसली की मी हाताला लागेल ते चटईखाली सरकवायचो. आपल्या माणसांचा मी द्वेष करायला शिकलो तो तिथे, त्या उंबऱ्यात. मिशनमध्ये गेलो आणि मोकळा झालो. शर्ट मिशनचा, सायकल मिशनची, मच्छरदाणी, पातेलं, टॉर्च, सगळं मिशनचं. माझं काही नाही, तर मागणार काय? कुणी हसत जवळ आलं की मी म्हणायचो, "हे मिशनचं आहे हो." त्या वाक्यावर मी जगत होतो.

काइतारा आला तेव्हाही मी तेच म्हणालो. काइतारा पन्नाशीचा, पिळदार, एका डोळ्यात फूल पडलेलं. तो ओट्याच्या कडेला बसला, खाडीकडे बघत बोलला, माझ्याकडे बघणं त्याने मुद्दाम टाळलं.

"सायकल चांगली आहे."

"मिशनची आहे, काका."

"ही मला दे म्हटलं तर?"

"माझी असती तर दिली असती."

"घड्याळ?"

"तेही मिशनने दिलंय."

"बरं." तो खाडीशीच बोलत होता. "म्हणजे तुझं असं काहीच नाही. मग ती चटई तुझी कशी काय झाली?"

लोपेती दोघांकडे आलटून पालटून हसत होता, त्याला वाटत होतं सायकलीचं बोलणं चाललंय.

"माझ्या बापाने तेवेइआचा अळूचा खड्डा सांभाळला," काइतारा म्हणाला. "तिच्या घराण्यात पुरुष उरला नाही म्हणून. मग मी सांभाळला. कमरेएवढ्या चिखलात उभं राहून एकेका कंदाला पानं घालून वाढवलंय. रोज तिला मासा धाडतो. ती गेली की जमीन माझी, हे सभेत ठरलेलं आहे, सगळ्यांसमोर. आणि तू विमानातून उतरलास, इस्त्रीची विजार घालून, आणि बसलास. तू तिचा असशील तर मी आज खड्ड्यातून बाहेर येतो, माझी तक्रार नाही. नसशील तर सांग. पुढच्या सभेत तेबानो तुला विचारणार आहे. खोटा निघालास तर पुढच्या विमानात तू, हा जाडा आणि तुमचा देव, तिघेही."

तो उठून गेला तेव्हा त्याच्याविषयी मला आदर वाटला. म्हणून त्याचा अधिकच राग आला.

घोळ एवढ्यावर थांबला असता तरी मी निभावून नेलं असतं. पण त्याच संध्याकाळी काइताराच्या मुलीने नेहमीसारखा मासा नेला, तो म्हातारीने परत केला. परत केला म्हणजे काय, रस्त्यावर उभं राहून, सगळ्या ओट्यांना ऐकू जाईल अशा आवाजात: "सांग तुझ्या बापाला, तुझा मासा तूच खा. माझ्या घरी आता पुरुष आहे!" हे मला दुसऱ्या दिवशी झाडावरच्या गाण्यातून कळलं, नवीन कडवं होतं. म्हणजे ती आता आमच्या तांदळावर जगणार होती, आणि तांदूळ आम्हाला कुणी विकत नव्हतं. मी तिच्यावर इतका चिडलो की सायकल रेतीत घातली. कुणी सांगितलं होतं तिला? मी तिला काही वचन दिलं होतं का? मी एकदाही तिला आजी म्हटलं नव्हतं. ती रोज यायची, माझ्या शर्टाची कॉलर घासून काळी कशी राहिली म्हणून मला बोलायची, लोपेतीला "अरे डुकरा" म्हणायची आणि त्याला सगळ्यात मोठा तुकडा द्यायची, आणि मी खाली मान घालून खायचो, आणि प्रत्येक घासाला ते एक वाक्य आत ढकलायचो.

लोपेतीला शेवटी कळलं. भाषा कच्ची असली तरी तो मूर्ख नाही. गाण्यातला "मेल्या" हा शब्द त्याने म्हातारीलाच विचारला, आणि तिने त्याला हातवारे करून सगळं समजावलं. दुपारी तो आत आला तेव्हा पहिल्यांदाच गुणगुणत नव्हता.

"तू तिचा नातू नाहीस," तो म्हणाला.

"नाही."

"मग तिला सांगितलं का नाहीस?"

"तू टोंगाचा आहेस. तुला नाही कळायचं."

"टोंगात जागा नसतात? मला आजी नाही?" त्याचे डोळे भरले, त्याचे डोळे कशानेही भरतात. "आपण खरं सांगायला आलो आहोत, भाऊ. दारोदार जाऊन आपण लोकांना सांगतो की खरं बोला. दुसरं आपलं काम काय?"

"आणि खरं सांगितल्यावर? ती काय खाणार? काइताराच्या दारात जाऊन तोच मासा मागणार, सगळ्या गावासमोर परत केलेला?"

"हे तू खांबाला टेकण्याआधी विचारायला हवं होतंस."

मी त्याला म्हणालो की तुला हात धरून बसवलं म्हणून तू इतका पवित्र आहेस, तुला चुकायची संधीच मिळाली नाही. आणखीही म्हणालो. त्याच्या घोरण्याविषयी, त्याच्या रडण्याविषयी, त्याच्या मानेविषयी. मग त्याने नियमाप्रमाणे चटई अंथरली, गुडघे टेकले आणि मी टेकायची वाट बघत थांबला. मला टेकावे लागले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात दुष्ट प्रार्थना. एकाच देवाकडे दोघे जण एकमेकांची तक्रार करत होतो आणि आवाज एकात एक मिसळत होते.

सभेच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे गेलो. लोपेती नजरेच्या टप्प्यात, माडाखाली पाठ करून उभा. ती केवड्याची पानं चिरून छपरासाठी विणत बसली होती, पायाच्या बोटांत धरून.

"मला काहीतरी सांगायचंय."

"आधी ते दप्तर ठेव खाली. पोस्टमनसारखा उभा राहू नकोस."

ठेवलं. "त्या दिवशी मी बसलो ना—"

"हे पान धर. असं नाही, उलट. बेशोत हातसुद्धा देत नाहीत का पोरांना?"

मी पान धरलं. ती विणत राहिली. तिच्या हातांकडे बघताना मला आईचं फडकं आठवलं, एकाच जागी फिरणारं, आणि मी पुन्हा सुरुवात केली, "नेई तेवेइआ, माझा आजा—"

"जे बोलायचं ते उद्या सभेत बोल," ती मान वर न करता म्हणाली. "घरात बोललेलं घरात राहतं. छपराखाली बोललास तर सगळ्यांचं होईल. आणि उद्या ती कॉलर धुऊन ये. माझी लाज काढू नकोस."

तिचा आवाज नेहमीसारखा कडक होता, पण पान खेचताना तिने ते फाडलं. माझ्यासमोर तिने कधी पान फाडलं नव्हतं. मी दप्तर उचललं. परतताना माडांवरून गाणं आलं नाही, सगळेच उद्याची वाट बघत होते, आणि ती शांतता मला गाण्यापेक्षा जास्त बोचली.

रात्रभर मी काही ठरवलं नाही. सकाळी कॉलर धुतली. सभा भरली तेव्हा ऊन चढलेलं होतं, छपराची कड इतकी खाली असते की आत शिरताना प्रत्येकाला वाकावंच लागतं, राजा असो की चोर. मी वाकलो. आत गारवा, अंधार, वाळलेल्या पानांचा वास, आणि चहूबाजूंनी आपापल्या खांबांशी बसलेली माणसं, पंखे हालताहेत. माझा खांब रिकामा होता. म्हणजे पुढची चटई रिकामी होती. मागे ती बसलेली होती, डोक्याला तेल लावलेलं, कानात पांढरं फूल खोचलेलं. लग्नाला बसावी तशी. लोपेती माझ्याआधी पाहुण्यांच्या चटईवर जाऊन बसला आणि माझ्याकडे न बघता त्याने थोडी जागा केली. एका बाजूला ती, एका बाजूला तो, मधे मी, वाकलेला. पाठ आजही दुखत होती. तो खांब खरोखरच टेकायला चांगला होता, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाठींनी गुळगुळीत झालेला. क्षणभर मला वाटलं, बसावं. काय बिघडेल? खोटं बोलायची गरजच नव्हती, नुसतं बसायचं होतं. म्हाताऱ्या बाईला मरेपर्यंत माणूस मिळेल, मिशन राहील, काइतारा खड्ड्यातून बाहेर येईल. देव सोडून कुणाला कळणार होतं? आणि त्याच क्षणी मला कळलं की मला भीती खोट्याची नव्हती. तिथे बसलो तर मी तिचा होईन, आणि तिचा झालो की ती मागेल, आणि सगळं गाव मागेल, आणि हे मिशनचं आहे हे वाक्य मला जन्मात पुन्हा म्हणता येणार नाही. खरेपणाचा झेंडा मी हातात घेतला होता, पण पळत होतो तो दाराशी हसत आलेल्या मावशीपासून. स्वतःची किळस आली. तरी पाय वळले ते पाहुण्यांच्या चटईकडेच.

बसलो. पंखे थांबले. ह्या वेळी वारा नव्हता हे मला ठाऊक होतं.

"पोरा," तेबानो सावकाश म्हणाला, "तू तिथे बसलास."

"हो, आजोबा. मी पाहुणा आहे. माझे आजे दुसऱ्या बेटांवरचे. त्या दिवशी मला ठाऊक नव्हतं. मी दमलो होतो, खांब दिसला, टेकलो. चुकलो. नेई तेवेइआचा मी कुणी नाही."

मग कोपऱ्यातून एक जण हसला, मग दुसरा, मग सगळीकडून हसू फुटलं, बायका एकमेकींच्या खांद्यावर पडल्या, आणि कुणीतरी अंड्याचं गाणं धरलं. "टेकला म्हणे! डुक्कर टेकतं तसा!" हे कोण म्हणालं ते मी पाहिलं नाही. काइतारा तेवढा हसला नाही. त्याने आपला चांगला डोळा मिटला आणि श्वास सोडला, खड्डा त्याचा राहिला होता. तेबानोने हात वर केला तेव्हा हसू थांबलं.

"खोटं बोलला नाही," तो म्हणाला. "मूर्ख आहे. मूर्खाला विमानात बसवायची रीत नाही. राहा, शिका बसायला."

झालं. इतकं सोपं होतं. मिशन वाचलं, लोपेतीने माझा गुडघा दाबला, आणि मी पलीकडे बघायचं टाळत होतो. पण सगळेच तिकडे बघायला लागले म्हणून बघितलं. ती उठली होती. बायका सभेत चटयांच्या मागून, कडेकडेने, वाकून जातात. ती मधून निघाली. मोकळ्या, उघड्या जमिनीवरून, सगळ्यांच्या तोंडासमोरून, सरळ उभी, काइताराच्या पुढून जाताना तिने मानसुद्धा वळवली नाही. तिच्या मागे तिचा खांब उघडा पडला. त्या घराण्याचं तिथे आता कुणीच नव्हतं. कुणीतरी म्हणालं, "तेवेइआ, जागा सोडू नकोस गं." तेबानो म्हणाला, "बाई, परत जा. तुला कळतंय का तू काय करतेस?"

"मला काय आंधळी समजता?" ती म्हणाली. ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली होती, पण बोलत होती सगळ्यांशी. "तिआओन बोटीत चढला तेव्हा पोरच होता, त्याला कसलं मूल आणि कसला नातू? हे पोर आत शिरलं तेव्हाच मला कळलं, ह्याला बसता येत नाही. पण मी भाऊ गेल्यापासून त्या खांबामागे बसते आहे. तुम्ही सगळ्या कुणा ना कुणाच्या पाठीमागे बसता. नवऱ्याच्या, पोराच्या. माझ्यापुढे नुसती चटई. त्या दिवशी माझ्यापुढे पाठ होती."

मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती हसली. दारात उभ्या राहिलेल्या मावशीचं हसू.

"ताबोकाई," ती म्हणाली. माझं नाव तिने पहिल्यांदाच घेतलं होतं. "मला तुझ्या पाठीमागे जागा दे."

सगळं गाव ऐकत होतं. बुबुसी होती ती, छपराखाली, उघड. मी तोंड उघडलं. चटई गावची होती, शर्ट मिशनचा होता, नियम मिशनचे होते, आणि जे ती मागत होती ते ह्यातलं काहीच नव्हतं. वाक्य शोधलं. सापडलं नाही. मला तिचा संताप आला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. ही आता रोज येणार, कॉलर बघणार, ओरडणार, मी हे बेट सोडून गेलो तरी हिचा मासा कोण धाडतो ते मला विचारावं लागणार, हिच्या थडग्याला चुना मला मारावा लागणार. काइतारा माझ्याकडे बघत होता, दोन्ही डोळ्यांनी. लोपेती आधीच बाजूला झाला होता.

मी पुढे सरकलो. छपराच्या कडेखालून आलेलं ऊन माझ्या गुडघ्यांवर पडलं. मागे तिची हाडं कुरकुरत खाली बसली, आणि मग पाठीवर तो हात आला, सावकाश फिरला, आणि कॉलरपाशी थांबला.

"धुतलीस म्हणे," ती म्हणाली. "ही काय धुतली?"